सातबारा आणि शपथ

"ग्रीन कार्डला पाच वर्षं होत आली. सिटिझनशिपचा अर्ज आता करू, की आई-आण्णा आहेत तोवर थांबू?" अमेरिकेत स्थिरावलेल्या सांगली-साताऱ्याच्या मुलामुलींना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. त्याच सुमाराला इकडे तासगावात, द्राक्षाच्या बागेत छाटणी चालू असताना, आण्णांचा प्रश्न निराळाच असतो: "त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, तर सातबाऱ्यावरनं नाव निघंल का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या उत्तरांबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: ज्याला गावाशी नातं ठेवायचंय त्यानं ग्रीन कार्डावरच राहावं, आणि ज्यानं गाव सोडलं त्यानं नागरिकत्व घ्यावं. कायदा वाचत गेलं की ही समजूत बरीचशी उलटी असल्याचं दिसतं. ज्याला गावाकडे जास्त राहायचं असेल, त्यालाच बऱ्याचदा नागरिकत्वाची जास्त गरज असते. ते कसं, हे या प्रकरणात पाहू.

१. वहिवाट आणि मालकी

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. 'कायम' या शब्दावर लोक विसंबतात आणि फसतात. हे कार्ड कुळाच्या हक्कासारखं आहे. जमीन स्वतः कसत राहिलात तर हक्क टिकतो. वहिवाट तुटली की तो धोक्यात येतो. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळं कायद्यानं मालक मानली गेली, म्हणून हा फरक सातारा-सांगलीच्या जुन्या घरांना समजावून सांगायला नको. ग्रीन कार्डवाला वर्षाचा बराचसा काळ भारतात राहू लागला, तर विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, "तुम्ही खरंच इथे राहता का?" कार्डावरची मुदत दहा वर्षांची असली, तरी घरदार, नोकरी, कर हे सगळं अमेरिकेत असल्याचं दाखवता आलं नाही, तर कार्ड जाऊ शकतं.

नागरिकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो वाईला कृष्णाकाठी सलग तीन वर्षं राहून परत गेला, तरी त्याला दारातून आत घ्यावंच लागतं. निवृत्तीनंतर सहा-आठ महिने गावी आणि उरलेले नातवंडांकडे, असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ग्रीन कार्ड ही सगळ्यात अडचणीची अवस्था आहे.

ही निवड तरी आपल्या लोकांपुढे कालपरवापर्यंत नव्हतीच. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवलं, आणि आधी मिळालेली काहींची नागरिकत्वंही सरकारनं काढून घेतली. दार उघडलं ते २ जुलै १९४६ च्या कायद्यानं. तेव्हा भारतातून येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला १००.

२. पाच वर्षं मोजायची कशी

ग्रीन कार्डावर 'या तारखेपासून रहिवासी' अशी एक तारीख छापलेली असते. मोजणी तिथून सुरू होते. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज भरता येतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि संसार एकत्र असेल, तर पाचाऐवजी तीन वर्षं.

समजा, सांगलीच्या एका मुलीच्या कार्डावर १० ऑगस्ट २०२१ ही तारीख आहे. पाच वर्षं भरतात १० ऑगस्ट २०२६ ला, आणि अर्ज भरता येतो १२ मे २०२६ पासून. ११ मे ला भरला तर तो नाकारला जातो आणि भरलेली फी परत मिळत नाही. ही फी एप्रिल २०२४ च्या दरानुसार ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे, तेव्हा दोन दिवसांच्या घाईत काही मिळवण्यासारखं नाही.

आता यात दोन वेगळे हिशेब आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला हिशेब नुसत्या दिवसांचा. पाच वर्षांतले निम्मे, म्हणजे ३० महिने, तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेच्या जमिनीवर असायला हवं. सगळे दौरे मिळून ही बेरीज होते. आपली ही मुलगी दिवाळीला ४५ दिवस, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी १५० दिवस आणि भावाच्या लग्नाला ४० दिवस आली असेल, तर एकूण २३५ दिवस बाहेर. काहीच अडचण नाही. हा हिशेब बहुतेकांचा सहज जुळतो.

दुसरा हिशेब सलगतेचा, आणि माणसं अडकतात ती इथे. एकाच दौऱ्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर सलगता तुटली असं धरलं जातं. नोकरी चालू होती, घर ठेवलं होतं, नवरा-मुलं तिथेच होती, असे पुरावे देऊन तुम्हाला ते खोडावं लागतं. आईचं ऑपरेशन बिघडलं आणि १५० चे २१० दिवस झाले, तर मुलाखतीत हे सगळे कागद पुढे ठेवायची तयारी हवी. आणि एका दौऱ्यात वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात, तर पुरावा चालत नाही, सलगता तुटलीच.

वर्ष उलटलेल्यांनी पुन्हा कधी अर्ज करायचा? अमेरिकेत परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस झाल्यावर. वडिलांच्या आजारपणात तेरा महिने गावी राहून कुणी १ मार्च २०२४ ला परतला असेल, तर २ मार्च २०२८ ला अर्ज करू शकतो. मात्र तेव्हाही मागच्या पाच वर्षांत त्या गैरहजेरीचा मोठा तुकडा शिल्लक असतो आणि त्याचा खुलासा द्यावा लागतो. आणखी सहा महिने थांबलं, तर तोही टळतो. यात हमखास होणारी चूक 'रीएन्ट्री परमिट'ची. जाण्याआधी ते काढलं की दोन वर्षांपर्यंत ग्रीन कार्ड सांभाळलं जातं, हे खरं. पण नागरिकत्वासाठीची सलगता ते सांभाळत नाही. परमिट आहे म्हणून निर्धास्त तेरा महिने राहिलेला माणूस परतल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी असतो.

भारतीयांना ही अडचण जास्त भेडसावण्याचं कारण साधं आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं चालते. कार्ड हातात पडेपर्यंत मुलगा चाळिशीला येतो आणि आई-वडील पंचाहत्तरीला. म्हणजे मोजणीची पाच वर्षं आणि गावाकडच्या आजारपणाची वर्षं नेमकी एकाच वेळी येतात. तेव्हा निघण्याआधी परतीचं तिकीट सहा महिन्यांच्या आतलं काढा, आणि पुन्हा यायचं झालं तर मध्ये तिकडे खरोखर राहून मग या.

इतर देशांचं थोडक्यात: कॅनडाला मागच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलेलं लागतं. ऑस्ट्रेलियाला कायदेशीर वास्तव्याची चार वर्षं लागतात, त्यातलं शेवटचं एक कायम रहिवासी म्हणून. आकडे वेगळे आहेत, पण दिवस मोजण्याची शिस्त तीच.

३. शेतीचं काय?

आता आण्णांच्या प्रश्नाकडे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, भारतीयानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही. २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याची सरकारी नोंद आहे.

नागरिकत्व संपलं, म्हणजे जमीनही गेली? नाही. वारशानं आलेली किंवा पूर्वी भारतात राहत असताना घेतलेली शेतजमीन त्याच्याकडे राहते. सातबाऱ्यावरचं नाव तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यानं निघत नाही.

बंधनं आहेत, पण ती कुठून सुरू होतात ते बघा. परकीय चलन कायद्याचे नियम पासपोर्टच्या आधी माणूस कुठे राहतो हे पाहतात. परदेशात नोकरीला गेलेला मुलगा भारतीय पासपोर्ट खिशात असतानाही शेतजमीन, मळे किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. एनए (बिगरशेती) प्लॉट आणि फ्लॅट घेऊ शकतो. पुढे त्यानं अमेरिकन नागरिकत्व आणि त्यासोबत परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड घेतलं, तरी नियम जवळजवळ तेच राहतात. म्हणजे जे बंधन शपथेमुळे येईल म्हणून आण्णा घाबरतात, ते मुलानं नोकरीसाठी विमान पकडलं तेव्हाच लागू झालं होतं. भाऊबंदांच्या बैठकीत हे कुणी बोलत नाही, कारण तोवर खरेदीचा प्रसंगच आलेला नसतो.

गफलत होते ती हस्तांतराच्या रीतीत. "मी आहे तोवर बक्षीसपत्र करून टाकतो, मागाहून भांडणं नकोत," असं वडीलमाणसं म्हणतात. परदेशात राहणाऱ्याला बक्षीसपत्रानं शेतजमीन देता येत नाही, मग तो भारतीय नागरिक असो वा ओसीआय. वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं मात्र ती त्याला मिळू शकते. तेव्हा रजिस्ट्रार कचेरीत बक्षीसपत्रावर मुद्रांक खर्ची घालण्याऐवजी नीट मृत्युपत्र करावं. पुढे फेरफार घालताना तलाठ्यापुढे तेच कामाला येतं. विकायची वेळ आली, तर शेतजमीन भारतात राहणाऱ्याला विकता येते. डलासमधल्या चुलतभावाला नाही. विक्रीचे पैसे कर भरून, एनआरओ (अनिवासींच्या) खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

जमिनीच्या बाबतीत खरी कटकट वेगळीच आहे: नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. सातबाऱ्यावर मुलीचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्यात नागरिकत्वाच्या अर्जात नाव बदलण्याची सोय असते. तिथे कुणाला वाटतं, हे लांबलचक मधलं नाव एकदाचं काढून टाकू. निघतंही ते. मग दहा वर्षांनी वारसनोंदीच्या वेळी सातबाऱ्यावरची बाई आणि ओसीआय कार्डवरची बाई एकच, हे शपथपत्रं करून सिद्ध करत बसावं लागतं. मधलं नाव जाचत असेल तर ऑफिसच्या कार्डावर काढा. अर्जात मात्र राहू द्या.

४. शपथेनंतरचे मधले महिने

'कधी' या प्रश्नाचं सगळ्यात व्यावहारिक उत्तर या भागात आहे, आणि बहुतेक जण ते शपथ झाल्यावर शिकतात.

शपथविधीच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. त्याच क्षणी भारतीय पासपोर्टही निकामी होतो. त्यावर अजून सात वर्षांची मुदत असली तरी त्यावर प्रवास करणं गुन्हा ठरतो. मग क्रम असा: मूळ प्रमाणपत्र जोडून अमेरिकन पासपोर्टचा अर्ज, तो आला की भारतीय पासपोर्ट परत करून तो रद्द झाल्याचा दाखला, तो मिळाला की ओसीआयचा अर्ज. प्रत्येक पायरी मागच्या कागदावर अडलेली. सगळं मिळून काही महिने सहज जातात.

या मधल्या काळात गावाकडून फोन आला तर? 'मिरजेला नेलंय' एवढं म्हटलं की आजार साधा नाही, हे या भागात वेगळं सांगावं लागत नाही. शपथ घेतलेल्या मुलाच्या हातात त्या दिवशी कदाचित कुठलाच चालणारा पासपोर्ट नसतो. अशा वेळी अमेरिकेत निकडीच्या पासपोर्टची सोय आहे, आणि तो मिळाला की भारताचा ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो. ओसीआयसाठी अडून राहायची गरज नाही. पण हे आधीच माहीत असलेला माणूस वेळेवर पोचतो.

म्हणून अर्जाची तारीख ठरवताना पुढच्या वर्षभराचा घरचा अंदाज घ्यावा. बहिणीचं लग्न ठरतंय, वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, जमिनीची मोजणी किंवा वाटणी चालू आहे, तर ते आटपून मग अर्ज करावा. अर्ज चालू असताना छोटे दौरे करता येतात. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या तारखा मात्र चुकवू नयेत. शपथेची तारीख गैरसोयीची असेल, तर पुढची मागता येते. वडिलांच्या वयाकडे बघून 'ते गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं उलट आहे: ते धडधाकट आहेत तेव्हाच शपथ आणि ओसीआय उरकून घ्या. मग आजारपणात चार काय, चौदा महिने उशाशी बसता येईल आणि दिवस मोजावे लागणार नाहीत.

ओसीआय म्हणजे आजीवन व्हिसा, त्याहून जास्त नाही. ही सोय २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर सगळ्यांना खुली झाली. पाकिस्तान आणि बांगलादेशाचे नागरिक तेवढे तिच्या बाहेर. ९ जानेवारी २०१५ ला जुनं पीआयओ (भारतीय वंशाच्या व्यक्तींचं) कार्डही तिच्यात विलीन झालं. कितीही दिवस राहा, पोलिसांत नोंद नको, खासगी नोकरीही करा. मत देणं, निवडणूक लढवणं आणि सरकारी पद मात्र गेलं.

५. घाई कुणी करावी

घरात साताऱ्यात जन्मलेलं, ग्रीन कार्डावरचं, पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल, तर उशीर करू नये. आई किंवा वडील नागरिक झाले, मूल त्यांच्याच ताब्यात अमेरिकेत राहत असलं आणि अठरा वर्षांच्या आत असलं, तर तेही आपोआप नागरिक होतं. वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही. पण अठराव्या वाढदिवसाआधी पालकाची शपथ झालेली हवी. नुसता अर्ज भरलेला असून चालत नाही. अर्ज निकाली निघायला काही महिने लागतात, ते धरून मागे मोजा.

दुसरे, आई-वडिलांना कायमचं नेऊ पाहणारे. ग्रीन कार्डवाल्याला आई-वडिलांसाठी अर्जच करता येत नाही. २१ वर्षांवरच्या नागरिकाला करता येतो आणि त्यांच्यासाठी कोट्याची रांग नसते. भावा-बहिणींसाठीही नागरिकच अर्ज करू शकतो, पण तिथली रांग ऐकून घ्या: २०२५ मध्ये भारतीय भावंडांची पाळी २००६ साली भरलेल्या अर्जांपर्यंत आली होती. सांगलीच्या भावाला न्यायचा विचार असेल, तर आज भरलेला अर्ज त्याच्या मुलांच्या लग्नांपर्यंत पोचेल.

परीक्षेची धास्ती मात्र अनाठायी आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतले २० तोंडी विचारले जातात; १२ बरोबर आले की झालं. ग्रीन कार्डावर बसलेल्या आजी-आजोबांसाठी तर सवलत आहे: वय ५० आणि ग्रीन कार्ड २० वर्षांचं, किंवा वय ५५ आणि कार्ड १५ वर्षांचं असेल, तर इंग्रजीची परीक्षा नाही. प्रश्नांची उत्तरं दुभाषा सोबत घेऊन मराठीतून देता येतात.

६. थांबावं कुणी

ज्यांना कायमचं परतायचं आहे आणि तिकडे पुन्हा राहायची इच्छा नाही, त्यांनी. अमेरिका आपल्या नागरिकांकडून ते कुठेही राहोत, जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागते. सांगलीत येऊन राहिलेल्या नागरिकानंही दरवर्षी तिकडे विवरणपत्र भरायचं. वर्षात कधीही परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली, तर सहकारी बँकेतल्या ठेवीसुद्धा कळवायच्या. ग्रीन कार्ड असताना हे लागतंच, पण ते रीतसर परत केलं की सुटतं. त्यातही एक मेख आहे: शेवटच्या १५ वर्षांपैकी ८ वर्षं कार्ड बाळगलेलं असेल आणि जगभरातली मालमत्ता २० लाख डॉलरच्या वर असेल, तर कार्ड सोडतानाही निर्गमन-कर लागू शकतो. परतायचं पक्कं असेल, तर आठवं वर्ष लागण्याआधी हिशेबनिसाशी बोलावं.

आणि थांबावं त्यांनी, ज्यांच्या मनात इथलं सार्वजनिक जीवन आहे. कराडचे पृथ्वीराज चव्हाण बर्कलेला शिकले, तिकडे काही काळ काम केलं, परतले, आणि १९९१ मध्ये कराडमधून लोकसभेवर निवडून गेले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये गेले, १९८८ मध्ये अमेरिकन नागरिक झाले, आणि २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या संसदेत बसतात. दोघांना निवडून येण्यासाठी आधी त्या त्या देशाचं नागरिक असावंच लागलं.

निर्णय चुकला असं पुढे वाटलं, तर परतीची वाट बंद नाही. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली असतील आणि अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात काढलेले असतील, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागतं.